गहू दारातूनच आत येत नाही अशी बेकरी

मिलान, रविवार संध्याकाळ

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हे सगळं सांगायला बसले तर आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि बाबांची वही कोरी राहते, म्हणून नीट लिहून पाठवते आहे. बाबा, मोजमापं लाल पेनानं अधोरेखित करा.

राहते आहे तिथल्या मागच्या गल्लीत एक छोटी बेकरी सापडली. पुढे चार-पाच टेबलांचा कॅफे, मागे भट्टी. काचेवर गव्हाच्या ओंबीवर तिरकी काट मारलेलं चिन्ह आणि खाली लिहिलेलं, 'सेन्त्सा ग्लूतिने', म्हणजे ग्लूटेनशिवाय, गव्हातल्या त्या चिकट प्रथिनाशिवाय. कपाटात पाव, जाड फोकाचा, पिझ्झाचे चौकोनी तुकडे, लिंबाचा केक, बदामाची बिस्किटं. आई, तुला सीलिॲक आहे, म्हणजे ग्लूटेननं आतडं बिघडण्याचा रोग, तरी यातलं काहीही तू डोळे मिटून खाऊ शकली असतीस.

असं खात्रीनं का म्हणते, ते सांगते. या दुकानात गव्हाची कणीक किंवा मैदा कधी येतच नाही. भट्टीवर काम करणाऱ्यांनी घरून डब्यात साधा पावसुद्धा आणायचा नाही. अंगावरचे कपडे बाहेरच्या खोलीत बदलायचे, ऍप्रन आतल्या आतच राहतो. पिठाच्या प्रत्येक पोत्यासोबत तपासणीचा कागद येतो. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात कधीच आली नसती. इटलीत भाजलेल्या जवाची कॉफी खूप पितात, तिला 'ओर्झो' म्हणतात. इतर कॅफेंत ती बऱ्याचदा नेहमीच्याच मशीनवर करतात. जवात ग्लूटेन असतं, म्हणजे साधी कॉफी मागूनही धोका. या बेकरीत ओर्झो ठेवतच नाहीत.

म्हणून यापुढे कुठंही गेलात, पुण्यात, पाचगणीला, महाबळेश्वरला, आणि पाटीवर 'ग्लूटेन-फ्री केक' दिसला, तर "यात मैदा आहे का" असं विचारू नका. त्याला "नाही" असंच उत्तर येईल आणि ते खरंही असेल. "इथं मैदा येतो का?" असं विचारा. येत असेल तर त्याच ओव्हनमध्ये, त्याच फिरकीनं, त्याच हवेत तो केक झालेला असतो. सुका मैदा हवेत बराच वेळ तरंगतो आणि मग जिथं बसायचा तिथं बसतो.

आई, तुला अजून वाटतं की एवढ्याशानं काय होतंय. बाबांना हा हिशेब मांडायला सांग. एका चपातीत साधारण ३० ग्रॅम कणीक जाते, तिच्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. सीलिॲकच्या बहुतेक लोकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत चालून जातं असं मानतात. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तर काही महिन्यांत आतड्याचं अस्तर पुन्हा बिघडू लागतं. म्हणजे एका चपातीचे अडीचशे तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा ही दिवसाची सीमा. पोळपाटाच्या कडेला चिकटून वाळलेली कणीक याहून जास्त भरते. त्रास जाणवला नाही म्हणजे आत काही झालं नाही असंही नाही. तुझं पोट कधी फारसं दुखलंच नव्हतं, हिमोग्लोबिन तेवढं वर येत नव्हतं.

आपल्याकडे पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. युरोपातही आकडा तोच. हा आकडा घरच्या धान्याला लावून बघा. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्याचा दहावा हिस्सा ग्लूटेन, म्हणजे ४ मिलिग्रॅम. किलोभर शाळूत, म्हणजे रब्बी ज्वारीत, गव्हाचे पाच दाणे निघाले की २० मिलिग्रॅम भरलेच. तेव्हा शाळू आणि तांदूळ पूर्वीसारखे ताटात पसरून निवडायचे. गव्हाचा दाणा लांबट आणि पोटावर चीर असलेला, शाळूचा गोल मोत्यासारखा. बाबांना चष्मा लावून दहा मिनिटांत किलोभर होईल. निवडल्यावर एकदा धुवून कडक उन्हात वाळवा, म्हणजे पोत्यातली धूळही जाते. जत-आटपाडीकडून कुणाच्या शेतातला शाळू थेट मिळाला तर फार उत्तम, पण मळणी यंत्रात आधी गहू निघाला होता का तेवढं विचारा.

आता गिरणी. आपल्या घरातली सगळ्यात मोठी गळती हीच आहे. गिरणीत गव्हावर शाळू दळला की जात्याच्या खाचांत आणि पिठाच्या पिशवीत राहिलेली कणीक तुझ्या पिठात येते. "आधी किलोभर तांदूळ दळून घ्या" म्हटल्यानं ती कमी होते, पण किती कमी झाली ते कुणालाच कळत नाही. शिवाय गिरणीत सगळीकडे पिठाचा धुरळा. म्हणून घरघंटी घ्यायचीच. वापरलेली स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, तिच्यात गहू दळलेला असणारच आणि आतली चाळणी, पिशवी कितीही झटकली तरी साफ होत नाही. नवी घ्या आणि तिच्यात गहू एकदाही घालू नका. शेजारच्या काकूंनी कितीही प्रेमानं विचारलं तरी नाही. आई, नाही म्हणायला तुला जड जातं हे माहीत आहे, म्हणून हे काम बाबांकडे.

घरात आणखी काय वेगळं करायचं ते बेकरीतून परत येताना मनात धरत होते. लाकडी पोळपाट-लाटणं धुऊन निघत नाही, लाकूड पीठ पितं. ते बाजूला काढा. पिठाची चाळणी नवी घ्या, जुनीच्या जाळीत कणीक अडकलेली असते. भाकरीचा तवा तुझा वेगळा, लोखंडी असेल तर नवाच. स्टीलची भांडी मात्र नीट घासली की चालतात, त्यांची भीती बाळगू नका. बाबा, तुम्ही घरी भाकरीच खा. चपाती खावीशी वाटली तर पोळी-भाजी केंद्रातून आणा, बंद डब्यात ठेवा, आणि तुमचं ताट वेगळं राहू दे. कणीक घरात मळली जाणार नाही एवढं सांभाळलं तर निम्मं काम झालं.

मिसळणाच्या डब्यात एक घर बदलायचं आहे, हिंगाचं. बाजारातला डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बहुतेकदा गव्हाचं. डबीवर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. तांदळाच्या पिठात केलेला हिंग मिळतो, तो आणा, नाहीतर खडा हिंग. लोणच्याच्या बरणीतही जुनाच हिंग असेल, म्हणून या वर्षीचं लोणचं बाबांनी संपवायचं. मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत असतो. चकलीच्या भाजणीत बहुतेक घरांत नसतो, पण विकतची असेल तर विचारा. कुरडया, शेवया, रवा, लापशी हे सगळं गहूच, सातूचं पीठ तर गहू नाहीतर जव. भडंगाचे चुरमुरे तांदळाचे, शेंगदाणे-लसूण निर्धोक, फक्त मसाल्यातला हिंग विचारा. भेळेला मात्र हात लावू नका, पुरी आणि फरसाणात मैदा असतो. सोया सॉसमध्येही गहू असतो, आणि 'माल्ट' हा शब्द कुठंही दिसला की तो जव समजा.

आता मुख्य गोष्ट. तुला पावाची आठवण येते, चहात बुडवून खायच्या टोस्टाची. तो घरी होईल, आणि त्यातली किल्ली आपल्याच कपाटात आहे.

बेकरीत मळायच्या मशीनशेजारी पांढऱ्या बादलीत घट्ट, बुळबुळीत, करडा लगदा भरून ठेवला होता. बोट बुडवलं तर तार सुटत होती. तो काय आहे हे मी विचारलं, तर इसबगोल! आपलं सत इसबगोल, जे बाबा रात्री कोमट पाण्यातून घेतात. जगाला लागणारं बहुतेक इसबगोल आपल्याकडूनच जातं, गुजरातेत उंझा-सिद्धपूर ही त्याची बाजारपेठ. आणि पिठाच्या मिश्रणात तांदूळ, मका आणि आपल्या शाळूच्याच जातीची ज्वारी.

याचं कारण तुला एका शब्दात कळेल, विरी, म्हणजे पिठाचा धरून ठेवणारा चिकटपणा. शाळूचं पीठ जुनं झालं की तू म्हणतेस विरी गेली, आणि मग थापताना भाकरीच्या कडा फुटतात. गव्हाची विरी म्हणजेच ग्लूटेन. गव्हातली दोन प्रथिनं पाण्यात मळली की रबरासारखी जाळी होते, यीस्टनं सोडलेला वायू त्या जाळीत अडकतो, पाव फुगतो. शाळूत ती जाळी नाही. म्हणून तू गरम पाणी घालतेस, त्यानं पिष्ट थोडं शिजतं, चिकटतं आणि भाकरी थापता येते. पण भाकरीला फक्त एकत्र राहायचं असतं, पावाला वायू धरून ठेवायचा असतो. ते काम इसबगोलचा लगदा करतो.

एका पावाचं माप असं: शाळूचं पीठ १४० ग्रॅम, तांदळाचं पीठ ९०, कॉर्नफ्लोअर १००. सत इसबगोल २० ग्रॅम. पाणी एकूण ३८० मिलि. साखर १५ ग्रॅम, सुकं यीस्ट ७, मीठ ७, तेल १५ मिलि, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस १० मिलि. इसबगोल साधं घ्या, संत्र्याच्या चवीचं गोड पाकीट नको. सगळं वजनकाट्यावर तोला, पाणीसुद्धा (१ मिलि म्हणजे १ ग्रॅम). चमच्यानं मोजलेलं इसबगोल हलकं असल्यानं दर वेळी वेगळं भरतं, आणि पाच ग्रॅमच्या फरकानं पाव बिघडतो.

१२० मिलि पाणी बोटाला कोमट लागेल इतकंच तापवून त्यात साखर आणि यीस्ट घाला. दहा मिनिटांत फेस यायला हवा. नाही आला तर यीस्ट मेलेलं आहे, पुढे जाऊ नका, पीठ वाचेल. उरलेल्या २६० मिलि साध्या पाण्यात इसबगोल एका हातानं सोडत दुसऱ्या हातानं लगेच घुसळा. थांबलात की गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. तीन-चार मिनिटांत लगदा घट्ट होईल. परातीत पिठं आणि मीठ कोरडंच नीट मिसळा, मग लगदा, यीस्टचं पाणी, तेल, व्हिनेगर घाला आणि पाच-सात मिनिटं मळा. बोटांच्या पेरांनी लगदा पिठात दाबत जायचं, एकही पांढरा पट्टा दिसता कामा नये. गोळा भाकरीच्या पिठाहून सैल आणि चिकट राहतो. आई, इथं तुझा हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जाईल. वरून पीठ घालू नकोस. हाताला तेल लाव.

गव्हाच्या पावाला दोनदा फुगवतात, याला एकदाच. जाळी नसल्यानं एकदा बसलेला गोळा पुन्हा नीट उठत नाही. म्हणून थेट तेल लावलेल्या लोफ टिनमध्ये दाबून भरायचा, २१ सेंमी लांब, ११ रुंद टिन पुरतो. ओल्या हातानं वरचा भाग गुळगुळीत करून ओलं फडकं झाकायचं. दीडपट झाला की ओव्हनमध्ये घालायचा, दुप्पट होण्याची वाट बघायची नाही. आपल्या उन्हाळ्यात हे अर्ध्या तासात होईल, थंडीत सव्वा तासही लागेल. घड्याळ बघू नका, टिनच्या कडेवर पेनानं खूण करा. वरच्या पृष्ठावर बारीक छिद्रं पडायला लागली की आधीच उशीर झालेला असतो.

ओटीजी २० मिनिटं आधी २२० अंशांवर तापवा, पाव घातल्यावर २०० करा. तळाशी एका वाटीत पाणी ठेवा, नाहीतर पाव फुगायच्या आत वरचं कवच कडक होतं आणि पाव बाजूनं फाटतो. साधारण एक तास. चाळीस मिनिटांनी वर जास्त लाल दिसला तर फॉईल घाला, पण वेळ कमी करू नका. यात पाणी भरपूर आहे, ते बाहेर पडायला हवं. बाबांसाठी खात्रीची कसोटी वजनाची. टिनमध्ये घातलेलं मिश्रण सुमारे ७८५ ग्रॅम भरेल, भाजून बाहेर आल्यावर पाव ६८०च्या आसपास यायला हवा. ७२० असेल तर टिनमधून काढून तसाच जाळीवर आणखी दहा मिनिटं ठेवा.

आणि मग तीन तास कापायचा नाही. घरभर वास सुटेल, तरी नाही. पिष्ट थंड होताना घट्ट बसतं. गरम कापलात तर सुरीला चिकट लगदा लागेल आणि पाव कच्चा राहिला असं वाटून पुढच्या वेळी तुम्ही पाणी कमी कराल, तिथून सगळं चुकत जाईल.

काय बिघडलं ते कापल्यावर कळतं. वरच्या कवचाखाली मोठी पोकळी असेल तर जास्त फुगू दिला. मधला भाग खचला असेल तरी तेच, किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता. तळाशी दाट, चिकट थर असेल तर भाजणं कमी पडलं किंवा इसबगोल नीट मिसळलं नाही. कापताना भुगा झाला तर इसबगोल कमी पडलं किंवा शाळूचं पीठ जुनं. आतून जांभळट-करडा रंग आला तर घाबरू नका, काही कंपन्यांच्या इसबगोलनं तसा येतो, खायला काही अडचण नाही.

हा पाव फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी वाळूसारखा लागतो. त्याच दिवशी काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तेवढे थेट तव्यावर भाजा. चहाबरोबरच्या टोस्टासाठी काप १२० अंशांवर तास-सव्वा तास कोरडे होऊ द्या, मधे एकदा उलटा.

पाकिटातली महागडी ग्लूटेन-फ्री बिस्किटं फार आणू नका. बहुतेक साखर, तूप आणि स्टार्च. शाळू, नाचणी, राजगिरा, डाळी यांत लोह आणि तंतू दोन्ही जास्त, तुला तेच हवं आहे. ओट्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, त्यांत गव्हाची भेसळ सहज होते.

साताऱ्याच्या लग्नाला कोयना एक्सप्रेसनं जाणार आहात ना? डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेले बटाटे, दोन केळी. साताऱ्यात अडलंच तर उपवासाचे पदार्थ मागा. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी यांत गहू नसतो आणि हिंगही सहसा घालत नाहीत. साबुदाणा वडा मात्र नको, त्याच तेलात समोसा तळलेला असतो. डोशाच्या पिठात रवा किंवा मैदा घालतात का विचारा. कंदी पेढा खवा-साखरेचा, ओळखीच्या दुकानातून घ्या आणि खा. कार्यालयात पंगतीला बसायच्या आधीच आचाऱ्याला गाठून साधा भात कुकरमधून थेट तुझ्या ताटात वाढायला सांगा. वाढप्याच्या डावाला पुरीचा चुरा लागलेला असतो.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की या रोगाचं कारण गहू आहे हे कुणाला सुचलं. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथं पाव मिळेनासा झाला. बाकीचे लोक उपासमारीनं खंगत असताना या रोगाची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. त्यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता, तो पक्का झाला. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. इथं इटलीत तर २००५ सालापासून कायदाच आहे. शाळेच्या, इस्पितळाच्या खानावळीत मागितलं तर असं वेगळं जेवण द्यावं लागतं, आणि निदान झालेल्यांना घरच्या पिठासाठी दरमहा ठरावीक मदत मिळते.

तपासण्यांचं शेवटी लिहिते म्हणून कमी महत्त्वाचं समजू नका. टीटीजीची, म्हणजे या रोगात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, तपासणी सहा महिन्यांनी, मग वर्षानं. आकडा उतरत जायला हवा. उतरला नाही तर औषधाआधी हिंग आणि गिरणी आठवा. हाडांसाठी डेक्सा स्कॅन मिरजेला करून घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तसं. मावशी, मामा आणि आम्ही भावंडं, सगळ्यांची एकदा तपासणी व्हायला हवी, कारण हा रक्ताच्या नात्यात जास्त आढळतो. मावशीला निक्षून सांगा, तपासणीआधी गहू सोडू नकोस. गहू बंद केला की रक्तातली खूण पुसली जाते आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो.

लोफ टिन इथून आणते आहे, दोन घेतले. पहिला पाव माझी वाट न बघता जुन्या चौकोनी केकच्या भांड्यात करून बघा, मात्र ते भांडं आतून नीट घासून घ्या, कोपऱ्यांत मैदा राहतो. पाव मधोमध कापून त्या कापाचा उजेडात फोटो पाठवा, आणि खाली भाजण्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहा.

तुमची धाकटी